सेन्सर बदलले तरी ‘चेक इंजिन’ दिवा परत येतोय: बीएमडब्ल्यूच्या एम५४ इंजिनातली चोरटी हवा कशी शोधायची

लक्षणं ओळखीची असतील. गार इंजिन सुरू केलं की पहिलं मिनिटभर रेस वरखाली होते. गाडी उभी असताना स्टिअरिंगपर्यंत थरथर पोहोचते. वेग घेताना सुरुवातीला पिकअप मार खातो, पण एकदा रेस चढली की गाडी छान पळते. मग एक दिवस पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन कोड दिसतात, कधी सोबत पी०३०० च्या घरातला मिसफायरचा कोडही असतो. कोड पुसला की दिवा जातो आणि आठ-पंधरा दिवसांत परत येतो.

यानंतर बहुतेक वेळा एकच क्रम घडतो. आधी एअर फ्लो सेन्सर बदलला जातो, मग ऑक्सिजन सेन्सर, मग सहाच्या सहा कॉइल आणि प्लग. प्रत्येक भाग बदलल्यावर गाडी थोडे दिवस बरी वाटते आणि इथेच फसगत होते. भाग बसवून कोड पुसला, की ईसीयूनं (इंजिनाच्या संगणकानं) हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबद्दल शिकलेलं बऱ्याचदा शून्यावर जातं. ते पुन्हा शिकायला त्याला वेळ लागतो. शिवाय असा बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसला तरच दिवा लागतो. म्हणजे जो सुधार नव्या सेन्सरच्या नावावर जमा होतो, तो खरं तर कोड पुसल्याचा असतो.

हे लिखाण बीएमडब्ल्यूच्या एम५४ या सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला धरून आहे. २००० ते २००६ या काळात ते २.२, २.५ आणि ३.० लिटर अशा तीन मापांत आलं आणि ई४६, ई३९, ई६०, एक्स३, एक्स५, झेड४ अशा बऱ्याच गाड्यांत बसलं. हे इंजिन मला मनापासून आवडतं. त्याचा लोखंडी-अॅल्युमिनियमचा गाभा नीट सांभाळला तर फार मोठी मजल मारतो. म्हातारं होतं ते त्याच्या भोवतीचं रबर आणि प्लास्टिक. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर आणि वीस वर्षांच्या उष्णतेनंतर ते कडक होतं, तडकतं, आणि तिथून हवा आत शिरते. वरची सगळी लक्षणं बहुतेक वेळा या हवेचीच असतात.

कोडचा खरा अर्थ

पी०१७१ म्हणजे पहिल्या बँकेचं, तर पी०१७४ म्हणजे दुसऱ्या बँकेचं मिश्रण पातळ आहे. या इंजिनात पहिले तीन सिलिंडर ही पहिली बँक आणि मागचे तीन ही दुसरी. पातळ म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. पेट्रोल इंजिनाला एक भाग पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. आत आलेली हवा एअर फ्लो सेन्सर मोजतो, ईसीयू त्या हिशोबानं पेट्रोल सोडतो आणि ऑक्सिजन सेन्सर धुराड्यातून निकाल कळवतो. एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी भोक पडलं, तर तिथून शिरलेली हवा कोणीच मोजत नाही. पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि वाढवण्याची मर्यादा संपली की दिवा लावतो.

म्हणजे या साखळीत ऑक्सिजन सेन्सर खरं बोलत असतो, आणि बदलला जातो तोच.

एअर फ्लो सेन्सरवरचा आरोप आणखी फसवा आहे. तीन लिटरचं गरम इंजिन एसी बंद असताना आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) सेकंदाला साधारण ३ ते ४ ग्रॅम हवा घेतं. समजा इंजिनाला ३.५ ग्रॅम हवी आहे आणि त्यातली ०.६ ग्रॅम तडकलेल्या पाइपातून येतेय. मग सेन्सरमधून जाते फक्त २.९ ग्रॅम आणि सेन्सर तेवढंच दाखवतो. बघणारा म्हणतो, आकडा कमी आहे, सेन्सर गेला. सेन्सर मात्र त्याच्यातून गेलेली हवा अचूक मोजतोय. उरलेली त्याच्या समोर आलेलीच नाही.

भाग विकत घेण्याआधी दोन आकडे

साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं अॅप पुरतं, फक्त त्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते) दिसले पाहिजेत: अल्पकालीन आणि दीर्घकालीन, दोन्ही बँकांचे. इंजिन पूर्ण गरम करा. आधी आयडलला दोन्ही ट्रिमची बेरीज लिहून घ्या. मग रेस २,५०० आरपीएमवर अर्धा-एक मिनिट स्थिर धरा आणि पुन्हा लिहा.

वरचाच हिशोब पुढे नेऊ. आयडलला चोरटी हवा ०.६ आणि मोजलेली २.९, म्हणजे ईसीयूला सुमारे २० टक्के पेट्रोल वाढवावं लागतं. २,५०० आरपीएमला इंजिन समजा १२ ग्रॅम हवा घेतंय. भोक तेवढंच असल्यामुळे चोरटी हवा ०.६ च्या पुढे जात नाही. आता वाढ लागते जेमतेम ५ टक्के. आयडलला ट्रिम खूप वर आणि रेस वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर ती हवा गळती आहे. या एका ओळीसाठी मी हा सगळा खटाटोप करतोय, कारण इतका स्वस्त आणि इतका निर्णायक पुरावा या दुरुस्तीत दुसरा नाही.

उलट, आयडलला ट्रिम बरा पण रेस आणि लोड वाढला की वर चढत जात असेल, तर हवेचा नाद सोडा आणि पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप बघा. एअर फ्लो सेन्सरवर संशय घ्यायची जागा हीच. या इंजिनाचा पेट्रोलचा दाब ३.५ बार असतो. रेलवर टोपीखाली छोटा व्हॉल्व्ह आहे, तिथे गेज लावून तो तपासता येतो.

आता दोन बँकांची तुलना. दोन्ही सारख्याच पातळ असतील तर कारण सामायिक आहे: हवेचा बूट (थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप), ब्रीदर (क्रँककेसमधला वायू काढणारा भाग), आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलची हवा सांभाळणारा). एकच बँक पातळ असेल तर त्या बाजूचं मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाचं) पॅकिंग, त्या बाजूचा इंजेक्टर किंवा त्या बाजूचा एक्झॉस्ट बघा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सरला ते पातळ भासतं. एक्झॉस्टचा टकटक आवाज गार इंजिनात जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हा संशय पक्का धरा.

तेलाचं झाकण काय सांगतं

एम५४ मध्ये हवा गळतीचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित घर म्हणजे क्रँककेसचा ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या पोकळीत) उतरतोच. तो बाहेर काढला नाही तर दाब वाढून ऑइल सील फुटतील. म्हणून टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून) एक पाइप तो वायू मॅनिफोल्डखाली बसवलेल्या ब्रीदर व्हॉल्व्हकडे नेतो. तिथे वायू गोल फिरतो, त्यातलं तेल वेगळं होतं आणि वायू मॅनिफोल्डमध्ये जाऊन जळतो. वेगळं झालेलं तेल एका पाइपातून डिपस्टिकच्या नळीत आणि तिथून संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) परत जातं. मॅनिफोल्डची पूर्ण ओढ क्रँककेसला लागू नये म्हणून मध्ये रबरी पडदा असतो.

आता हा एक भाग किती वेगवेगळ्या तऱ्हेनं बिघडतो ते पाहा. पाइप तडकला तर चोरटी हवा आणि पातळ मिश्रण. पडदा फाटला तर क्रँककेसमध्ये प्रचंड ओढ, सीलमधून शिट्टी किंवा हंबरल्यासारखा आवाज, आणि तेल थेट मॅनिफोल्डमध्ये. तेल परतायची वाट बुजली तर तेलाचा खप वाढतो आणि सुरू करताना निळा धूर येतो. वायूची वाटच बुजली तर दाब साचतो आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळायला लागतं. ते तेल गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास केबिनमध्ये येतो किंवा प्लगच्या खड्ड्यात उतरून कॉइल मिस मारते. मालकाच्या वहीत ही चार वेगळी दुखणी म्हणून लिहिली जातात. पॅकिंग नवं टाकूनही काही महिन्यांत पुन्हा गळत असेल, तर तिसरं पॅकिंग आणण्याआधी ब्रीदर तपासा.

तपासणी अशी. गरम इंजिन आयडलला ठेवून तेलाचं झाकण हळूच उघडा. हलकी ओढ जाणवावी आणि इंजिन थोडं अडखळावं, हे निरोगी आहे. झाकण घट्ट ओढून धरलेलं असेल, दोन हातांनी उपटावं लागत असेल, आणि काढताच आवाज बंद होऊन इंजिन बंद पडायला आलं, तर पडदा फाटलाय. ओढ अजिबात नसून आतून फुसफुस वायू बाहेर येत असेल, तर ब्रीदर बुजलाय किंवा रिंगा झिजल्यात. झाकण काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडला नाही, तर आधीच कुठेतरी मोठी गळती आहे.

आकडा हवा असेल तर पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा. नळीचं एक टोक झाकणाच्या जागी नीट बंद केलेल्या तबकडीला जोडा आणि दुसरं हवेत मोकळं ठेवा. चांगल्या ब्रीदरला आयडलला साधारण १० ते १५ मिलिबार ओढ मिळते, म्हणजे दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० ते १५ सेंटिमीटरचा फरक. एक सावधगिरी: हाताच्या चाचणीत झाकण जोरात ओढलं जात असेल तर ही पाण्याची नळी लावूच नका. फाटलेल्या पडद्याची ओढ एवढी असते की पाणी सरळ इंजिनात जाईल.

झाकणाखाली पिवळट साय दिसली की लगेच हेड गास्केट गेल्याचं जाहीर केलं जातं. कूलंटची पातळी स्थिर असेल तर घाबरू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर तेल पुरेसं तापत नाही, वाफ तेलात मिसळते आणि तीच साय झाकणावर आणि ब्रीदरच्या पाइपांत जमते. कडाक्याच्या थंडीत ती पाइपांतच गोठते. तेव्हा तेलाला परतायची वाट उरत नाही आणि ते सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत वेळ येते. सुरू केल्याबरोबर निळ्या धुराचा लोट निघाला तर रेस न देता इंजिन तत्काळ बंद करा. तशी गाडी पुन्हा सुरू करून बघण्यात मोठा धोका आहे.

धूर सोडून भोक शोधणं

बूटवर कार्ब क्लीनर फवारून आयडल बदलतो का ते बघायची जुनी पद्धत मी कोणालाच सुचवणार नाही. ज्वलनशील फवारा, गरम एक्झॉस्ट आणि कॉइलच्या ठिणग्या एकाच बॉनेटखाली असतात. शिवाय या इंजिनात निम्मी भोकं मॅनिफोल्डखाली आहेत, जिथे फवारा पोहोचत नाही.

धुराचं यंत्र मिळालं तर उत्तम. इंजिन बंद, थोडं कोमट. एअर फ्लो सेन्सरच्या जागी बूटचं तोंड बंद करून तिथून धूर सोडा. दाब अगदी कमी ठेवा, ३५ ते ७० मिलिबारच्या आत. कॉम्प्रेसरची नळी सरळ जोडलीत तर गळती सापडेल, पण ती तुम्हीच नुकतीच तयार केलेली असेल. क्रँकचा मागचा सील असा दाब सोसायला बनलेलाच नाही. धूर थ्रॉटलच्या फटीतून मॅनिफोल्डमध्ये, तिथून ब्रीदरमार्गे क्रँककेसमध्ये भरायला काही मिनिटं लागतात. घाई करू नका. बॉनेटखाली अंधार करून टॉर्चचा झोत आडवा धरला की बारीक धूरही दिसतो.

माझ्या अनुभवात बघण्याचा क्रम हा असावा. पहिला, एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटलमधला रबरी बूट. त्याच्या वळ्या खालच्या बाजूनं तडकतात आणि वरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून काढून, हातात वाकवून, वळी उघडूनच बघा. दुसरा, ब्रीदरचे पाइप. विशेषतः टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्यातून खाली जाणारा पाइप, जो नुसत्या बोटाच्या दाबानं तुटतो. मग मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाच्या छोट्या रबरी टोप्या. त्या इतक्या लहान आहेत की विसरल्या जातात, आणि फायरवॉलकडे असल्यामुळे आरसा धरल्याशिवाय दिसत नाहीत. आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचं रबरी बूच, तेलाच्या झाकणाचं सील आणि डिपस्टिकची ओ-रिंग याच रांगेत. शेवटच्या दोन गोष्टींमधून हवा आत जाते हे अनेकांना पटत नाही, पण क्रँककेस मॅनिफोल्डला जोडलेली आहे, त्यामुळे तिथली गळतीही न मोजलेलीच.

‘डिसा’ व्हॉल्व्हबद्दल वेगळं सांगायला हवं. मॅनिफोल्डच्या बाजूला टॉर्क्स स्क्रूंवर बसलेला हा भाग हवेच्या वाटेची लांबी बदलतो. त्याची ओ-रिंग कडक झाली की गळते, आणि ते तुलनेनं सौम्य दुखणं. गंभीर गोष्ट त्याच्या झडपेची. झडप ज्या पिनवर फिरते ती झिजून सुटली, तर ती मॅनिफोल्डमार्गे सिलिंडरमध्ये जाऊ शकते. म्हणून कोड काहीही असो, जास्त चाललेल्या एम५४ चा डिसा एकदा बाहेर काढून हातात घ्याच. झडप खुळखुळत असेल, तिरकी असेल तर तो परत बसवू नका. पिन जागेवर नसेल तर ती कुठे आहे हे सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

ब्रीदर बदलणं: मॅनिफोल्ड काढावं की नाही

मॅनिफोल्ड न काढता, खालून हात घालून ब्रीदर बदलता येतो. तरी माझं मत काढण्याच्या बाजूचं आहे. नव्या पाइपांच्या कॉलरना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावं लागतं, आणि न बघता, दोन बोटांनी ते नीट बसलं की नाही हे कळत नाही. अर्धवट बसलेला पाइप म्हणजे तीच गळती नव्या भागासकट.

काम गार इंजिनावर करा. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा. मॅनिफोल्डखाली स्टार्टरची जाड वायर आहे आणि ती कायम जिवंत असते. रेलमधला पेट्रोलचा दाब कापड धरून उतरवा, आसपास ठिणगी नको आणि हवा खेळती हवी. वायरिंगचे कनेक्टर उष्णतेनं ठिसूळ झालेले असतात. क्लिप ओढून उपटण्याऐवजी पातळ स्क्रूड्रायव्हरनं उचला आणि फार कडक वाटलं तर गरम हवेनं थोडं सैल होऊ द्या. प्रत्येक पाइप सोडण्याआधी फोटो काढा. मॅनिफोल्ड उचलताच सहाही पोर्टमध्ये स्वच्छ, धागे न सुटणारं कापड भरा. किती तुकडे भरले ते कागदावर लिहा आणि काढताना तो आकडा जुळवा. इथे पडलेला एक नट हेड उघडायला लावतो.

जुना ब्रीदर आणि त्याचे सगळे पाइप एकत्रच बदला. एक तडकला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आणि त्याच उष्णतेतले आहेत. दर्जाच्या बाबतीत इथे काटकसर करू नका. हलक्या नकलेचा पडदा लवकर फाटला तर हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

आणि आता तो टप्पा, जो वगळल्यामुळे नव्या ब्रीदरनंतरही त्रास परत येतो: डिपस्टिकची नळी. तेल परतायची वाट या नळीतल्या अरुंद मार्गातून जाते आणि जुन्या इंजिनात तो मार्ग काळ्या गाळानं बुजतो. नवा ब्रीदर तेल वेगळं करतो, पण ते जाणार कुठे? ते साचतं आणि मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं. नळी काढा, सॉल्व्हंटमध्ये भिजवा आणि परतीच्या तोंडात द्रव ओतून तो खालून मोकळा वाहतोय याची खात्री करा. वाहत नसेल तर नळी नवी घ्या. खालची ओ-रिंग नवीच टाका, जुनी परत बसवली तर तिथून तेल गळेल.

मॅनिफोल्ड बाहेर आहेच, तर त्याखालच्या कूलंटच्या दोन पाइपांच्या ओ-रिंगा, तेल फिल्टरच्या हाउसिंगचं पॅकिंग आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्हचं बूचही उरकून घ्या. व्हॉल्व्ह साफ करून त्याची आतली फिरकी अडखळत नाही ना ते बघा.

बसवताना मॅनिफोल्डचं पॅकिंग नवं, दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ, सीलंट अजिबात नाही. नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क पाना वापराच. टॅपेट कव्हरचे बोल्ट फक्त १० न्यूटन-मीटरचे आहेत. अंदाजानं आवळलं की अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

बंद केल्यावर

सुरू करण्याआधी चावी काही वेळा ‘ऑन’ करून पेट्रोलचा दाब चढू द्या आणि रेलजवळ ओल किंवा वास नाही हे बघा. इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं थोडा धूर येईल. मॅनिफोल्डमध्ये साचलेलं तेल जळतंय. कूलंटचे पाइप सोडले असतील तर हवा काढणं विसरू नका: हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू, ब्लीड स्क्रू उघडा ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत भरणं. यात कसूर झाली तर इंजिन तापेल, आणि तापलेल्या एम५४ मध्ये हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटे निघतात. हवा गळतीसह गाडी महिनोन्‌महिने चालते. तापलेलं इंजिन तेवढी सवड देत नाही, म्हणून तापमानाचा काटा मधून सरकला की ताबडतोब थांबा.

कोडसोबत मिश्रणाची जुनी शिकवण आपोआप पुसली गेली नसेल तर तीही स्कॅनरनं पुसा, नाहीतर वाढवलेलं पेट्रोल काही काळ तसंच येत राहील. मग गाडी आठवडाभर सगळ्या तऱ्हेनं चालवा आणि तेच दोन आकडे पुन्हा घ्या, आयडलला आणि २,५०० आरपीएमला. दोन्ही ठिकाणी ट्रिम अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत आले, तर काम झालं. दिवा लागला नाही एवढ्यावर समाधान मानू नका. आयडलला अजून १० टक्के दिसत असेल तर आणखी एक भोक शिल्लक आहे, ते फक्त दिवा लावण्याइतकं मोठं नाही. जुन्या इंजिनात दोन-तीन गळत्या एकत्र असणं अगदी सामान्य आहे आणि मोठी बंद केल्यावरच लहान धुरात दिसते.

ट्रिम सुधारले पण कमी रेसला ताकद नाहीच, तर व्हॅनोसचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) सील बघा. ते कडक झाल्यानं खालचा जोर जातो, पण मिश्रण पातळ झाल्याचा कोड सहसा येत नाही. ते वेगळं दुखणं आहे, हवेशी त्याची गल्लत करू नका.

हीच पद्धत इतर इंजिनांनाही चालते, थोडा फरक ध्यानात ठेवून. पुढच्या एन५२ इंजिनात व्हॉल्व्हट्रॉनिकमुळे हवेचं नियंत्रण व्हॉल्व्हच करतात आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ फारच कमी असते, त्यामुळे आयडल आणि २,५०० चा फरक इतका ठळक दिसत नाही. तिथे धुरावरच जास्त भिस्त ठेवा. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत ब्रीदरचा पडदा प्लास्टिकच्या टॅपेट कव्हरमध्येच आहे. मर्सिडीजच्या एम२७२ मध्ये मॅनिफोल्डच्या फ्लॅपची प्लास्टिकची कडी तुटते, तिचे कोड वेगळे असतात. व्होल्वोच्या पाच सिलिंडरच्या जुन्या इंजिनांत ब्रीदर बुजून क्रँकचा मागचा सील गळणं हा ठरलेला प्रकार आहे.

राहिला तेलाचा खप. ब्रीदर नवा, नळी मोकळी, क्रँककेसची ओढ १० ते १५ मिलिबारमध्ये, ट्रिम जागेवर, आणि तरीही तेल कमी होतंय, तर दर हजार किलोमीटरला सपाट जागेवर, सारख्याच तापमानाला पातळी मोजून नोंद ठेवा. मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते बघायची) चाचणी करा. लीक-डाउनमध्ये हवा तेलाच्या झाकणातून ऐकू आली तर कॉम्प्रेशन रिंगा झिजल्यात. दोन्ही चाचण्या चांगल्या आल्या आणि उतारावर पाय काढून पुन्हा रेस देताना निळा धूर दिसला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील बघा, ते हेड न काढता बदलता येतात. चाचण्या चांगल्या आणि तसा धूरही नाही, तर ऑइल कंट्रोल रिंगा कार्बननं जाम झालेल्या असण्याचा संभव सर्वांत जास्त. या रिंगा कॉम्प्रेशनच्या चाचणीत पकडल्या जात नाहीत, म्हणून चांगला आकडा पाहून त्यांना निर्दोष ठरवू नका.